ब्रेस्ट पंप कोणता घ्यावा? (गुहागर, वीज बेभरवशाची)

प्रश्न: बाळ पाच महिन्यांचं. पुढच्या महिन्यात शाळेत रुजू व्हायचंय. हाताचा पुरेल की इलेक्ट्रिक? पावसाळ्यात वीज तासन् तास नसते.

उत्तर १: रोज दोनदा काढायचं तर दोन्ही बाजूंचा, चार्जिंगवर चालणारा इलेक्ट्रिक घ्या, 15-20 मिनिटांत उरकतं. हाताचा वीज नसताना राखीव. क्लोज्ड सिस्टीमचाच बघा, म्हणजे दूध नळीत-मोटरमध्ये जाऊ नये म्हणून मध्ये पडदा असलेला. आपल्याकडच्या दमट हवेत ओपन सिस्टीमच्या नळीत ओल राहते नि बुरशी धरते. मोटरमध्ये दूध शिरलं तर ते साफही करता येत नाही.

उत्तर २: पंपापेक्षा फनेलचं (स्तनाला लावायच्या नरसाळ्याचं) माप महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. डब्यात बहुधा 24 मिमीचा येतो. स्तनाग्राचा व्यास मिमीत मोजा. फनेलच्या नळीत स्तनाग्र मोकळं हलायला हवं. कडेला घासलं तर माप लहान. भोवतालचा काळा भागही आत खेचला जात असेल तर मोठं.

ओढ कमी झाली की मोटरला दोष देऊ नका. आधी चोचीसारखा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह उजेडात धरा. चीर मिटत नसेल तर बदला. त्यात ब्रश घालू नका, चीर फाटते.

उत्तर ३: 25 अंशांपर्यंत दूध बाहेर 4 तास टिकतं, पण मे महिन्यात हा हिशेब सोडा! बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत ठेवा. फ्रीजमध्ये 4 दिवस, दारात नाही, आत मागे. दुधाला लागणारे भाग 5 मिनिटं उकळा आणि वाऱ्यावर वाळवा, फडक्याने पुसू नका.