यूके स्किल्ड वर्कर व्हिसा: ४५,००० पौंडांची ऑफर, मार्चमध्ये २६ पूर्ण. पगार पुरतो का?

दहिसर_देव · २० जानेवारी २०२६

मँचेस्टरच्या कंपनीची सॉफ्टवेअर डेव्हलपरची ऑफर आहे. वर्षाला ४५,००० पौंड, आठवड्याला ४० तास, तीन वर्षं. एचआर म्हणतात अट ४१,७०० ची आहे, काळजी नको. दादरचा एजंट म्हणतो या पगारावर व्हिसा होणारच नाही. १८ मार्चला मला २६ पूर्ण होतात. बायकोही सोबत येणार. खरं कोणाचं, आणि खर्च किती धरू? नोकरी लवकर सोडली तर 'व्हिसाचा सगळा खर्च' वसूल करू, असंही ऑफर लेटरमध्ये आहे.

कलमनामा

दोघंही अर्धंच सांगतायत. २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० आहे, हे खरं. पण शिवाय प्रत्येक कामाचा गोइंग रेट, म्हणजे सरकारने त्या कामासाठी ठरवलेला वार्षिक पगार असतो आणि दोन्हींत जास्त असेल तो लागतो. डेव्हलपरचा कोड २१३४, रेट ५४,७००, तोही साडेसदतीस तासांच्या आठवड्याचा. तुमच्या ४० तासांना तो ५८,३४७ होतो. बहुतेक एचआर नेमके इथेच चुकतात.

तुम्हाला तारतं ते वय. अर्जाच्या तारखेला २६ पूर्ण नसतील तर 'न्यू एन्ट्रंट' म्हणून किमान ३३,४०० आणि गोइंग रेटच्या ७० टक्के एवढंच लागतं. ४० तासांचे ७० टक्के म्हणजे ४०,८४३. ४५,००० आरामात बसतात. १८ मार्च उजाडला की हीच ऑफर १३ हजारांनी कमी पडते.

अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन अर्ज फी भरून सबमिट केला तो दिवस. बोटांचे ठसे नंतर दिले तरी चालतं. पगारात फक्त हमीचा मूळ पगार धरतात. बोनस, ओव्हरटाइम, राहण्याचा भत्ता बाद. आणि सीओएसवर (कंपनी देते ते स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र) कंपनीने न्यू एन्ट्रंटचा पर्याय नोंदवलाय ना, ते अर्ज भरण्याआधी बघा.

हिशेबी_माहीम

खर्चाचं सांगतो. तीन वर्षांपर्यंतची फी माणशी ७६९ पौंड. हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क) वर्षाला १,०३५, तिन्ही वर्षांचा एकदम आगाऊ, म्हणजे ३,१०५. माणशी ३,८७४, दोघांचे ७,७४८. पौंड १२० रुपये धरला तर सव्वानऊ लाखांच्या वर. होम ऑफिस (ब्रिटनचं गृहखातं) स्वतःचा विनिमय दर लावतं, तो बाजारापेक्षा चढाच असतो. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करा, लिमिट वाढवून घ्या, नाहीतर ऐन वेळी पेमेंट लटकतं. व्हिसा नाकारला तर सरचार्ज परत मिळतो, फी नाही.

सीओएसच्या तारखा बोट ठेवून वाचा. १ मार्च २०२६ ते १ मार्च २०२९ लिहिलं तर तीन वर्षं एक दिवस होतो. त्या एका दिवसापायी फी ७६९ ची १,५१९ होते, वर सरचार्जही वाढतो. शेवटची तारीख २८ फेब्रुवारी २०२९ मागा.

'सगळा खर्च' हे कलम तसं चालणार नाही. सीओएसचे ५२५ पौंड आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी कर्मचारी आणल्याबद्दल कंपनीवरचं सरकारी शुल्क) कंपनीनेच सोसायचे, तुमच्याकडून वसूल करायला बंदी आहे. १६ डिसेंबर २०२५ पासून हा चार्ज मोठ्या कंपनीला वर्षाला १,३२० आहे, तीन वर्षांचे ३,९६०. उगाच नाही हळूच तुमच्या माथी मारायला बघत! तुमची फी आणि सरचार्ज त्यांनी भरला असेल तर तेवढंच कलमात राहू द्या.

अंधेरी_ईस्ट

तारखेच्या मागे लागायचं तर क्रम असा. टीबी टेस्ट आजच बुक करा, दोघांची, होम ऑफिसने मान्य केलेल्या मुंबईतल्या क्लिनिकमध्येच. घराजवळच्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. सर्टिफिकेट सहा महिने चालतं, पण एक्स-रेत डाग दिसला तर थुंकीच्या कल्चरला आठेक आठवडे जातात.

इंग्रजीची पातळी ८ जानेवारी २०२६ पासून बी२ झाली. आयईएलटीएस 'फॉर यूकेव्हीआय' (ब्रिटिश व्हिसासाठीची इंग्रजी परीक्षा) हीच द्या, चारही भागांत ५.५ हवेत. साधी आयईएलटीएस धरत नाहीत. मुंबई विद्यापीठाची डिग्री इंग्रजी माध्यमातली असेल तर एक्टिसकडून (परदेशी पदव्या तपासणारी ब्रिटिश संस्था) पत्र घेता येतं, पण आधी माध्यमाचा दाखला काढावा लागतो आणि त्यात किती दिवस जातील याचा नेम नसतो. परीक्षा सुटसुटीत.

शिल्लक दाखवायची ती १,२७० अधिक बायकोचे २८५ पौंड, सलग २८ दिवस. कंपनीने सीओएसवर हमी घेतली तर त्याचीही गरज नाही. आणि एजंटने पोलीस क्लिअरन्सचे पैसे मागितले तर देऊ नका, डेव्हलपरला ते लागत नाही.

दहिसर_देव

आभार. अर्ज फेब्रुवारीतच टाकतो. तीन वर्षांनी मुदतवाढीला पण हेच ७० टक्के ना?

कलमनामा

नाही. तेव्हा तुम्ही २६ कधीच ओलांडलेले असाल, वयाची सवलत संपलेली. त्या दिवशीचा पूर्ण गोइंग रेट लागेल, आणि हाच रेट २०२४ मध्ये ४९,४०० होता. कंपनीला दोन गोष्टी आत्ताच लेखी मागा: आठवडा साडेसदतीस तासांचा करा, म्हणजे आजच्या हिशेबाने गरज ३,६४७ पौंडांनी उतरते, आणि मुदतवाढीच्या वेळी पगार तेव्हाच्या रेटपर्यंत नेऊ, असं ऑफर लेटरमध्ये घाला. दुसरीला नाही म्हणाले तर ही नोकरी तीन वर्षांचीच समजून सही करा.