कोर्टाने जन्मठेप दिली, राजाने मुंडकं उडवलं: हा अधिकार होता का?

ओवी: प्रशिया या जर्मन राज्याचा युवराज फ्रेडरिक १७३० मध्ये बापाच्या जाचाला कंटाळून पळायला निघाला आणि पकडला गेला. साथीदार लेफ्टनंट काट्टेला लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली, पण युवराजाच्या बापाने, म्हणजे राजा फ्रेडरिक विल्यमने, काट्टेचा शिरच्छेद करवला. हे कायद्यात बसत होतं, की निव्वळ मनमानी?

शिरस्तेदार: बसत होतं हो, तीच तर गोम आहे. सर्वोच्च न्यायाधीश राजाच. कोपेनिकला न्यायालय बसलं. युवराजाचा निवाडा करायला त्यांनी साफ नकार दिला, काट्टेला जन्मठेप दिली. राजाने निकाल फेरविचाराला परत धाडला. अध्यक्ष शुलेनबुर्ग बधला नाही, पुन्हा तोच निकाल. मग राजाने स्वतः हुकूम काढला: खरं तर तापल्या चिमट्यांनी मांस तोडून फाशी द्यायला हवी, पण घराण्याकडे बघून तलवारीने शिरच्छेद. वर मखलाशी अशी, की जगातून न्याय जाण्यापेक्षा काट्टे मेलेला बरा! माझी हयात कोर्टात गेली. आपल्याकडे शिक्षा वाढवायची तर आधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. इथे ६ नोव्हेंबरला क्युस्ट्रिनच्या किल्ल्यात काट्टेला बाहेर काढलं आणि अठरा वर्षांच्या युवराजाला ते बघायला खिडकीशी उभं केलं.

रानवारा: डोरिस रिटरचं नाव कुणी घेत नाही. पॉट्सडॅमची सोळा वर्षांची पोर. युवराजाबरोबर गाणं-बजावणं केलं, त्याने दिलेल्या भेटी घेतल्या, एवढाच गुन्हा. नगरभवनापुढे, बापाच्या दारात, मग गावाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर फटके. वर स्पांडाऊच्या सूतकताई कोठडीत जन्मभर. सुटली १७३३ मध्ये. तिच्यासाठी कुठलं न्यायालय बसलं होतं?

ओवी: बाप रे. मग फ्रेडरिक गादीवर आल्यावर तरी सुधारला का?

शिरस्तेदार: अर्धामुर्धा. १७४० मध्ये गादीवर येताच चौकशीतला छळ बंद केला, राजद्रोहासारखे अपवाद ठेवून. पण ओवीताई, १७७९ चं आर्नोल्ड प्रकरण बघा. पाणचक्कीवाल्याचा खंड थकला. त्याचं म्हणणं, वरच्या अंगाला एका जमीनदाराने माशांची तळी केली, पाणीच येत नाही. कोर्टात तो हरला. राजाला वाटलं, गरिबाला लुबाडलं. त्याने न्यायाधीशांना बोलावून झापलं आणि अटकेत टाकलं. मंत्री त्सेडलिट्सने त्यांना शिक्षा सुनवायला नकार दिला, तेव्हा राजाने स्वतःच वर्षाची कैद ठोठावली. बिचारे निर्दोष ठरले ते तो मेल्यावर, पुतण्याच्या राज्यात. अटक झालेल्यांत क्युस्ट्रिनच्या कोर्टाचेही न्यायाधीश होते.