पाच वर्षांनी कुठला कन्सोल टिकून असेल? खारघरला पार्लर टाकतोय, सल्ला हवा

खारघर_सेक्टर_बारा:

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय पण प्लीज वाचा. मी आणि माझा मावसभाऊ मिळून खारघरला एक गाळा भाड्याने घेतोय, आजूबाजूला कॉलेजं भरपूर आहेत म्हणून गेमिंग पार्लर टाकायचं जवळजवळ पक्कं झालंय. सुरुवातीला चार टीव्ही, चार कन्सोल (म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन), चाललं तर पुढच्या वर्षी अजून दोन. पैसे दोघांच्या बचतीचे आहेत, भावाने तर पीएफमधून काढलेत, त्यामुळे आज घेतलेल्या वस्तूला दोन वर्षांनी कोणी विचारत नाही असं व्हायला नको.

भाऊ म्हणतो डोळे झाकून चारही सोनीचे पीएस फाईव्ह, म्हणजे प्लेस्टेशन 5, घे. माझं मन मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सकडे ओढतंय कारण गेम पासच्या एका वर्गणीत ढिगाने गेम मिळतात, आणि आता निन्टेन्डोचा स्विच टू पण आलाय, तो धडाधड खपतोय असं सगळीकडे वाचतोय. तर या तिघांत धंद्याच्या हिशोबाने कोण टिकणार आणि कोण मागे पडणार? नुसतं माझा आवडता हा आहे असं नको, कारण सांगा.

तलावपाळी_ठाणे:

मित्रा, प्रश्न छान विचारलायस. मी कॅसेटवाल्या टीव्ही गेमपासून हे सगळं बघत आलोय, आणि सगळ्यात भारी मशीन ज्याचं तो जिंकला असं फार कमी वेळा झालंय. बहुतेक वेळा किंमतच ठरवते.

1995 चं बघ. सेगा कंपनीने अमेरिकेत आपला सॅटर्न कन्सोल 399 डॉलरला आणला, त्याच दिवशी त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस स्टेजवर गेला, 299 एवढा एकच आकडा बोलला आणि खाली उतरला. तो पहिला प्लेस्टेशन पुढे 10 कोटींच्या वर गेला. मग 2006 ला सोनीने स्वतःच तीच चूक केली, पीएस थ्रीमधे ब्लू-रे ड्राइव्ह आणि ती महागडी सेल चिप घातली आणि किंमत गेली 499 आणि 599 वर, तिकडे निन्टेन्डोची वी 249 ला. ताकदीत वी कुठेच नव्हती, एचडी चित्र पण देत नव्हती, तरी 10 कोटी 16 लाख खपली आणि पीएस थ्री पावणेनऊ कोटींच्या आसपास थांबली. 2013 ला परत तेच, पीएस फोर 399, एक्सबॉक्स वन 499, कारण त्यात किनेक्टचा कॅमेरा जबरदस्तीने दिलेला. आपल्याकडे तर अजून एक गोष्ट झाली, पीएस फोर जानेवारी 2014 ला 39,990 ला आला आणि एक्सबॉक्स वन यायला सप्टेंबर उजाडला. आठ महिने! तेवढ्यात आमच्या सोसायटीतल्या पोरांनी पीएस फोर घेऊन टाकले होते आणि मग उरलेल्यांनीही तोच घेतला, कारण मित्राकडे जो असतो तोच आपल्याला घ्यावा लागतो, नाहीतर खेळायचं कोणाबरोबर आणि डिस्कची अदलाबदल कोणाशी.

दुसरी गोष्ट म्हणजे गेम बनवणारे कोणाच्या दारात उभे आहेत. सेगाचा ड्रीमकास्ट मशीन म्हणून उत्तम होता, मी आजही म्हणेन की तो काळाच्या पुढे होता, पण ईए या मोठ्या गेम कंपनीने त्याच्यासाठी आपले स्पोर्ट्स गेम काढलेच नाहीत आणि समोरून पीएस टू आला ज्यात डीव्हीडी पण चालायची. म्हणजे घरच्यांना पटवायला कारण तयार. 2001 ला सेगाने कन्सोल बनवणंच बंद केलं, आणि पीएस टू 16 कोटींवर गेला, आजवरचा सगळ्यात जास्त. मला ड्रीमकास्टचं अजूनही वाईट वाटतं.

आजचा हिशोब: पीएस फाईव्ह सप्टेंबर 2025 पर्यंत 8 कोटी 40 लाखांच्या पुढे. स्विच टू जून 2025 ला आला आणि चार महिन्यांच्या आत 1 कोटी पार. मायक्रोसॉफ्टने कन्सोल विक्रीचे आकडे सांगणं 2015 लाच बंद केलं, आणि जो पुढे असतो तो आकडे लपवत नाही. माझं मत, भावाचं ऐक.

एक्स_बटण_ऐरोली:

दादा इतिहास तुमचा बरोबर आहे पण तुम्ही जुन्या फूटपट्टीने मोजताय असं मला मनापासून वाटतं. कन्सोल बनवणाऱ्याला पैसा डब्यात, म्हणजे मशीन विकण्यात, मिळत नाही, बऱ्याचदा सुरुवातीला डबा तोट्यात नाहीतर अगदी काठावर विकतात, पैसा येतो त्या कन्सोलच्या ऑनलाइन स्टोअरवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या साधारण 30 टक्के कटमधून आणि वर्गणीतून. मायक्रोसॉफ्टने 2023 मधे जवळपास 69 अब्ज डॉलर देऊन अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कॉल ऑफ ड्यूटीवाली कंपनी घेतली, म्हणजे आज तुमच्या पीएस फाईव्हवर कोणी कॉल ऑफ ड्यूटी विकत घेतलं तरी मोठा वाटा मायक्रोसॉफ्टला जातो. एक्सबॉक्सचे स्वतःचे गेम बघा, फोर्झा होरायझन 5 पीएस फाईव्हवर आला, गिअर्स आला, हेलो पण येणार असं जाहीर झालंय. लोक म्हणतात हरले म्हणून गेम दुसऱ्यांना दिले. मी म्हणतो त्यांनी दुकान बदललं. पीसीवर, मोबाईलवर, क्लाउडवर, सगळीकडे तेच. पाच वर्षांनी कदाचित सगळ्यात जास्त कमावणारे हेच असतील, आणि एक्सबॉक्स सीरीज एक्सवर जुन्या एक्सबॉक्स 360 चे कितीतरी गेम अजून चालतात, ती कदर बाकी कोणी एवढी ठेवलेली नाही.

तलावपाळी_ठाणे:

अरे पण त्याला कंपनीचे शेअर घ्यायचे नाहीत, त्याला डबा घ्यायचाय! तू म्हणतोस ते सगळं खरं धरलं तरी त्यातून हेच निघतं की कंपनी जगेल पण डबा जगेलच असं नाही. ज्या दिवशी हेलो पीएस फाईव्हवर जाहीर झाला त्या दिवशी एक्सबॉक्स विकत घ्यायचं जुनं कारण संपलं. सेगाचंही तेच झालं ना, कंपनी आजही गेम काढते, निन्टेन्डोवर सुद्धा काढते, फक्त सेगाचा कन्सोल कुठे मिळत नाही.

आणि गेम पासचा भरवसा किती धरायचा? ऑक्टोबर 2025 ला अमेरिकेत त्याच्या अल्टिमेट प्लॅनची महिन्याची वर्गणी एका झटक्यात 19.99 वरून 29.99 डॉलर केली. आपल्याकडचा दर वेगळा असतो, पण पार्लरचा महिन्याचा खर्च दुसऱ्याच्या हातात देऊन बसायचं का, एवढा विचार त्याने करावा.

एक्स_बटण_ऐरोली:

शेअर आणि डबा वेगळे, हे मान्य. पार्लरसाठी मी पण चारही एक्सबॉक्स घे म्हणणार नाही. पण हरला हरला म्हणून जे सगळे बोलतात ते मला पटत नाही, एवढंच.

नेरुळची_ताई:

स्विचबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितेय. माझ्या दोन्ही मुलांकडे मिळून एक स्विच आहे, माझ्या भावाने दुबईहून आणला. निन्टेन्डोचं गणितच वेगळं आहे, ते सोनीशी ताकदीत भांडतच नाहीत. मारिओ आणि झेल्डा दुसऱ्या कुठल्या कन्सोलवर येत नाहीत, आणि त्यांचे गेम पाच वर्षं जुने झाले तरी किंमत फारशी उतरत नाही. पहिला स्विच 15 कोटींच्या वर गेला तो असाच. त्याच कंपनीचा त्याआधीचा वी यू मात्र जेमतेम 1 कोटी 35 लाखांवर आटोपला. लोकांना कळेचना की हा नवीन कन्सोल आहे का जुन्या वीला जोडायची पाटी आहे, आणि बाहेरच्या कंपन्यांनी पण लगेच पाठ फिरवली. त्यामुळे निन्टेन्डो कधी पडतच नाही असं नाही हं, पण यावेळी त्यांनी नाव साधं ठेवलं, जुने गेम पण बहुतेक चालतात, मला तरी हा टिकेल असं वाटतं.

फक्त दादा तुमच्यासाठी एक अडचण आहे. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. जे मिळतं ते बाहेरून आणलेलं, वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. आमचा एक जॉयकॉन (स्विचचा कंट्रोलर) बिघडला तेव्हा एका दुकानाने तीन आठवडे ठेवून तसाच परत दिला. घरात ते चालून जातं, धंद्यात रोज लागणारी वस्तू तीन आठवडे पडून राहिली तर काय करणार?

मानपाडा_पार्लर:

मी घोडबंदर रोडला सहा वर्षं पार्लर चालवतोय, आता बाकीच्यांचं वाचून झालं म्हणून अनुभवाचं सांगतो.

माझ्याकडे येणाऱ्या दहातली सात पोरं ईए एफसी लावायला सांगतात, म्हणजे फुटबॉलचा जुना फिफाच, 2023 ला नाव बदललं पण पोरं अजून फिफाच म्हणतात. मग टेक्केन, डब्ल्यूडब्ल्यूई, आणि एकटा आला असेल तर जीटीए. हे सगळे गेम पीएस फाईव्हवर आहेत आणि एक्सबॉक्सवर पण आहेत, मग फरक कुठे पडतो? हातात! पोरांच्या बोटांना लहानपणापासून चौकोन, त्रिकोण, गोल, फुलीची सवय आहे. मी 2021 ला एक एक्सबॉक्स सीरीज एस ठेवून बघितला, चांगला चालायचा, पण पोरगा आला की म्हणायचा तो रिकामा झाला की सांगा, आणि पीएससाठी वीस मिनिटं थांबायचा. शेवटी मी तो विकला.

सीरीज एसला डिस्क ड्राइव्ह नाही हे पण लक्षात ठेव, आणि पीएस फाईव्ह घेताना पण डिस्कवालाच घे. एफसी दर सप्टेंबरअखेर नवीन येतो, आणि नवीन आला की जुन्या डिस्कचा भाव पार कोसळतो, म्हणून मी ऑगस्टमधेच जुन्या डिस्क काढून टाकतो, दोन पैसे सुटतात. डिजिटल घेतलेला गेम कोणाला विकणार? चार टीव्हींवर एकाच वेळी एफसी लागतो तेव्हा डिस्क पण चार लागतात, हा खर्च नवीन माणूस धरतच नाही.

आता कोण टिकणार याबद्दल. पूर्वी कन्सोल तीन-चार वर्षांत स्वस्त व्हायचा, पीएस टू तर 299 डॉलरचा हळूहळू 99 वर आला होता, म्हणून आम्ही थांबायचो. या पिढीत उलटं झालं, पीएस फाईव्ह इथे 2021 ला 49,990 ला आला आणि पुढच्याच वर्षी 54,990 झाला. तिकडे अमेरिकेत 2025 मधे सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही वाढवल्या. चिपा पूर्वीसारख्या स्वस्त होत नाहीत. म्हणून भाव पडेल म्हणून थांबू नकोस, पण चारही नवेकोरे घ्यायची पण गरज नाही, दोन नवीन आणि दोन चांगले सेकंड हँड घे, समोर बसून तासभर चालवून, पंख्याचा आवाज ऐकून. जीटीए 6 ला नोव्हेंबर 2026 ची तारीख दिलीय आणि जाहीर झालंय ते पीएस फाईव्ह आणि एक्सबॉक्स सीरीजसाठीच, त्याच्या आसपास सेकंड हँडचे भाव चढतील असा माझा अंदाज आहे, म्हणून आधी घे.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते कंट्रोलर. कुठल्याही कंपनीचा असो, पार्लरमधे दिवसाला दहा तास घासला की स्टिक ड्रिफ्ट होतेच, खेळाडू आपोआप एका बाजूला चालायला लागतो. आतला सेन्सर घासून काम करतो म्हणून झिजतो, चुंबकावर चालणारे हॉल इफेक्टचे सुटे भाग मिळतात ते जास्त टिकतात, पण सोल्डरिंग यायला पाहिजे. पीएसचे सुटे भाग इथे सहज मिळतात, एक्सबॉक्सचे शोधावे लागतात, स्विचचे त्याहून. माझ्यासाठी टिकणारा कन्सोल म्हणजे हाच, ज्याचा भाग बिघडला त्याच संध्याकाळी मिळतो. कन्सोलबरोबर येणाऱ्या अटी पण वाच, त्या घरगुती वापरासाठी असतात, गाळा आणि लायसन्सचं बोलताना वकिलाला त्याही दाखव.

खारघर_सेक्टर_बारा:

सगळ्यांचे खूप आभार, ताई तुमचा वॉरंटीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. रात्री भावाला हे सगळं वाचून दाखवलं, तो हसत होता कारण तो पहिल्यापासून पीएस म्हणत होता, पण सेकंड हँड आणि चार चार डिस्कचं ऐकून तो पण वही घेऊन बसला. आता ठरलंय असं, दोन नवीन डिस्कवाले पीएस फाईव्ह, एक सेकंड हँड पीएस फाईव्ह, आणि चौथा टीव्ही सध्या रिकामा ठेवायचा. स्विच टूचा मोह अजून जात नाहीये, वाढदिवसाच्या पार्ट्यांसाठी चालेल का?

नेरुळची_ताई:

वाढदिवसांना मुलं वेडी होतील, आमच्याकडे मारिओ कार्टवर चौघं एकदम बसतात आणि केक कापायला उठत नाहीत. पण आधी गाळ्याचं भाडं निघू दे, मग बघा.

मानपाडा_पार्लर:

ताई बरोबर बोलतायत. आणि सेकंड हँड घ्यायच्या आधी एकदा माझ्याकडे ये, मंगळवारी दुपारी गर्दी नसते. खारघरहून वाशी, तिथून ठाण्याची लोकल, स्टेशनवरून मानपाड्याची बस. येताना भावाला पण आण, एक कंट्रोलर तुमच्यासमोर उघडतो आणि स्टिक बदलायची कशी ते दाखवतो.

खारघर_सेक्टर_बारा:

मंगळवारी तीनला पोचतो दादा, दोघंही येतोय.