नवीन पीसी, २५६ ची एसएसडी, विंडोजने आधीच ६० जीबी खाल्ले. फॉरमॅट मारू की दुसरी एसएसडी घेऊ?

सिडकोकर:
मंडळी, दिवाळीत घरीच पीसी जोडला, एमजी रोडला दोन-चार दुकानं फिरून घासाघीस करून पार्ट घेतले. रायझेन ५, ३२ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, आणि जुन्या पीसीतली १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ टाकलं. आता एक तर २५६ च्या जागी २३७ च दिसतात आणि अजून ऑफिस न क्रोम सोडून धड काही टाकलेलं नाही तरी सी ड्राइव्हवर ६० जीबी भरलेले दाखवतंय. सी उघडून सगळे फोल्डर सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघितल्या तर येतात ३८ च्या आसपास, मग मधले २२ गेले कुठे? दुकानवाला म्हणे विंडोज २०-२५ जीबीच घेतं, तुमचं इन्स्टॉलेशन गंडलंय, घेऊन या, परत मारून देतो, पाचशे रुपये. मुलीला कॉलेजसाठी ऑटोकॅड लागणारे. काय करू?

एसएमपीएस_काका:
पाचशे रुपये खिशात ठेवा भाऊ, काही गंडलेलं नाहीये.
२५६ चं आधी सांगतो. एसएसडीवाले जीबी हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या, म्हणून २५६ चे २३८ होतात, त्यातून बूटचं छोटं पार्टिशन आणि रिकव्हरीचं गेलं की तुमचे २३७.
आता ते २२ जीबी. तुम्ही सिलेक्ट केलेत ते फक्त दिसणारे फोल्डर. एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समधे जाऊन हिडन फाइल्स दाखवा आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ची टिक काढा, मग सी मधे हायबरफिल नावाची एक धिप्पाड फाइल दिसेल, हायबरनेट करताना रॅममधलं चालू काम त्यात उतरवून मशीन बंद होतं. विंडोज ती रॅमच्या ४० टक्के धरतं, म्हणजे ३२ ला १२.८ जीबी. ८ जीबी रॅमवाल्याकडे हीच फाइल सव्वातीनची असते! त्यामुळे विंडोज किती घेतं याला एकच आकडा नसतो, मशीन बघून ठरतं. तिच्या शेजारी पेजफाइल असेल, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची फाइल, आणि रिस्टोअर पॉइंट (सिस्टिम मागच्या स्थितीला न्यायची सोय) चालू असतील तर ते वेगळेच. वर अपडेटसाठी विंडोज ७ जीबीच्या आसपास राखून ठेवतं, २०१९ पासून नवीन इन्स्टॉलला हे असतंच.

पंचवटी_पिंट्या:
काका एवढं लांबण कशाला, सी ला ८० द्या बाकीचं डी करा, आपल्याकडं सगळे तसंच करतात. आणि विंडोजमधला विनएसएक्सएस फोल्डर उडवा, माझ्याकडे तोच दहा जीबीचा दाखवतो.

एसएमपीएस_काका:
पिंट्या, त्या फोल्डरला हात लावायला नको सांगू रे कुणाला, मशीन उभं राहणार नाही. त्यातल्या बऱ्याच फाइल्स विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधल्याच असतात, हार्ड लिंक म्हणतात त्याला, एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते म्हणून आकडा फुगतो. साफ करायचंच तर डिस्क क्लीनअप मधे 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स', बास.
आणि सी-डी-ई पाडायची सवय हार्ड डिस्कच्या जमान्यातली. २५६ मधे ८० चा सी केला की सहा महिन्यात सी लाल आणि डी ओसाड. मायक्रोसॉफ्ट स्वतः ११ साठी कमीत कमी ६४ मागतं, मोठं अपडेट आलं की जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' मधे दहा दिवस पडून राहतं, तेव्हा ८० मधे गुदमरायला होतं. एकच सी ठेवा, फोटो-पिक्चर १ टीबीवर.

गंगापूररोड_मिंट:
विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका, कमीत कमी २० जीबी म्हणतात ते, पण आरामात रहायला १०० द्या असंही तेच सांगतात 😄 ऑटोकॅड मात्र त्यावर नाही चालायचं, म्हणून मुलीसाठी विंडोज ठेवाच. दोन्ही ठेवणार असाल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप (बंद करताना अर्धवट हायबरनेट करून पुढच्या वेळी पटकन चालू होणं) बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर लिहिताना कटकट होते.

सिडकोकर:
काका दिसली ती फाइल, बरोब्बर १२.८! पेजफाइल पाच जीबीची. उडवू का दोन्ही?

एसएमपीएस_काका:
पेजफाइल राहू द्या, ऑटोकॅडमधे जड ड्रॉइंग उघडलं न रॅम भरली तर तीच सांभाळते. हायबरनेटचं बघा, लाइट गेल्यावर यूपीएसवर पाच-दहा मिनिटात चालू काम तसंच ठेवून मशीन झोपवायचं असेल तर ती फाइल लागते. तसं करत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी स्लॅश एच स्लॅश टाइप रिड्यूस्ड' द्या, फाइल निम्म्यावर येते आणि फास्ट स्टार्टअप चालू राहतं, फक्त हायबरनेट मिळत नाही. पूर्णच नको असेल तर 'पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ'. (स्लॅशच्या आधी स्पेस, दरवेळी कुणीतरी तिथेच अडकतं.)

सिडकोकर:
रिड्यूस्ड केलं, सहा जीबी सुटले. क्लीनअपमधे अजून थोडे निघाले, आता पन्नासच्या आसपास आहे. मग एसएसडी?

एसएमपीएस_काका:
आत्ता नको. ऑटोकॅडला दहाएक जीबी धरा, विद्यार्थ्यांना लायसन्स फुकट मिळतं, कॉलेजच्या पुराव्यावर मुलीच्या नावाने घ्या. तरी दीडशेच्या पुढे मोकळे राहतात. पोरांनी गेम टाकायला सुरुवात केली की मग घ्या दुसरी, आणि त्याआधी मदरबोर्डवर दुसरा एम डॉट टू स्लॉट, म्हणजे अशी एसएसडी बसवायची जागा, आहे का बघून घ्या.