मदत हवी आहे: एमटॉर टी-रेगला तारक की मारक?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या सेमिनारला नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-रेग, हा विषय घेतलाय (त्यांच्यावरच्या संशोधनाला मिळालेल्या नोबेलमुळे हौस आली!) आणि एका जागी गाडी अडलीय. आयएल-२ या संकेत देणाऱ्या प्रथिनामुळे पेशीतला स्टॅट५ हा प्रथिन-दूत सक्रिय होतो, तो फॉक्सपी३ हे टी-रेगची ओळख ठरवणारं जनुक चालू ठेवायला मदत करतो, इथवर ठीक. पण एमटॉर, म्हणजे पेशीची वाढ आणि चयापचय सांभाळणारा प्रथिन-स्विच, त्याचं काय? रॅपामायसिन या औषधाने तो दाबला की प्रयोगशाळेत टी-रेग वाढतात. उलट २०१३ च्या प्रयोगात उंदरांच्या टी-रेगमधून रॅप्टर हे एमटॉरचं जोडीदार प्रथिन काढलं, म्हणजे एमटॉर ज्या दोन संकुलांतून काम करतो त्यातलं संकुल-१ बंद केलं, तर त्या पेशींची इतर प्रतिकारपेशींना दडपण्याची ताकदच गेली आणि उंदरांना जीवघेणा दाह झाला. मग टी-रेग घडताना एमटॉर नको, त्या काम करताना हवा, असं म्हणायचं का? की सगळा मात्रेचा खेळ आहे? कुणी सोप्या भाषेत समजावेल का? मॅडम नेमकं हेच विचारणार.