लूपच्या माथ्यावर गाडी रूळ सोडते, चुकतंय कुठे?

प्रश्न (मिरज, जि. सांगली): विज्ञान प्रदर्शनासाठी रोलर कोस्टरचं मॉडेल आहे. लूपची, म्हणजे उभ्या गोल वळणाची, त्रिज्या १० सेंमी. तीन डब्यांची गाडी २५ सेंमीवरून सोडली की माथ्यावरच पडते. सूत्र तर सोडायची उंची त्रिज्येच्या अडीच पटच सांगतं.

उत्तर १: ते सूत्र घर्षण शून्य धरून आहे, शिवाय चाकं फिरवायलाही ऊर्जा लागते. साधी भरीव गोटी घरंगळली तरी २.७ पट हवी. ३५ सेंमीपासून सुरुवात करा, मग दोन-दोन सेंमी उतरवत या. आसाला तेल नको, धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळा.

उत्तर २: दादा, रुळाखालीही चाकं लावा. खऱ्या गाडीला तीन संच असतात: रुळावर, बाजूला, खाली. फट एक मिमी ठेवा, घट्ट बसवली तर वळणावर अडकतात.

प्रश्नकर्ता: आणि उंचवट्यावर डब्याचं पोट घासतं ते?

उत्तर १: चाकांमधलं अंतर किती? ६ सेंमी असेल तर १० सेंमी त्रिज्येच्या उंचवट्याच्या माथ्यावर रूळ चाकांच्या मधोमध साडेचार मिमी वर येतो. अंतर ४ सेंमी केलंत तर दोनच मिमी.

उत्तर ३: लूपही पूर्ण गोल नको, तळाशी ६ जीचा, म्हणजे वजनाच्या सहापट, दणका बसतो. थेंबासारखा करा: खाली त्रिज्या मोठी, माथ्यावर लहान.