पायथॉनमध्ये १२ आणि ८ ची बेरीज १२८ का येतेय? (सोयाबीनच्या पट्टीचा हिशोब)

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संगणक हा विषय मला कधीच नव्हता. महिनाभरापासून मोबाइलवर पायथॉन (संगणकाचे प्रोग्राम लिहायची भाषा) शिकतेय. नाव छापणं, साधी गणितं इथपर्यंत आलं. मग वाटलं, आता घरचंच काहीतरी करून बघावं.

यंदा रास झाल्यावर अण्णांनी सोयाबीन दोन खेपांत मोंढ्यात नेलं. दोन पट्ट्या आल्या: वजन, भाव, हमाली, तोलाई. अण्णा त्या वहीत जपून ठेवतात आणि रात्री जेवणं झाली की बोटांवर हिशोब लावत बसतात. तो हिशोब मला प्रोग्राममधून करून द्यायचाय.

सुरुवात अशी केली. (आदेश इथं देवनागरीत लिहिलेत, मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतच आहेत.)

पहिली = इनपुट("पहिल्या खेपेचं वजन? ")
दुसरी = इनपुट("दुसऱ्या खेपेचं वजन? ")
प्रिंट(पहिली + दुसरी)

आधी सोपे आकडे घातले, १२ आणि ८. उत्तर आलं १२८! एरर आली असती तर निदान कळलं असतं काहीतरी चुकलंय. इथं मुकाट्यानं उत्तर आलं. बेरीज २० हे तोंडपाठ होतं म्हणून चूक दिसली. मोठे आकडे असते तर मी तेच अण्णांना दाखवलं असतं, याचीच जास्त भीती वाटली.

मैत्रिणीनं सांगितलं, इनपुटला बाहेरून इंट लाव, म्हणजे इंट(इनपुट(...)) असं लिही. लावलं, २० आलं. पण खरं वजन १२.४० आणि ८.३५ क्विंटल आहे. ते घातलं की व्हॅल्यूएरर (दिलेली किंमत चालत नाही, अशी चूक) येते. शिवाय ज्या व्हिडिओवरून शिकतेय, त्यात इंट न लावताच बेरीज बरोबर येते. असं का? नुसता उपाय नको, कारण समजून घ्यायचंय.

प्रतिसाद १
ताई, कीबोर्डवरून येतं ते सगळं पायथॉनसाठी आधी अक्षरंच असतात. तुम्ही वजन टाकताय की पिनकोड, हे त्याला कसं कळणार? पिनकोडची कुणी बेरीज करत नाही. अक्षरांमध्ये अधिकचं चिन्ह म्हणजे एकापुढं एक जोडणं, म्हणून १२ पुढं ८ येऊन बसला. हा आकडा आहे, हे आपण सांगायचं.

व्हिडिओ जुना असणार. पायथॉन २ मध्ये इनपुट आकड्याला आकडाच मानायचं. २००८ च्या डिसेंबरात पायथॉन ३ आलं, तेव्हा हे बदललं. प्रिंटनंतर कंस दिसत नसेल तर तो व्हिडिओ सोडून द्या.

इंट फक्त पूर्णांक घेतं. दशांशासाठी फ्लोट लावा. पण पैशाच्या हिशोबात फ्लोट जपून वापरा: ०.१ + ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येईल, कारण संगणक आतून दोनच्या घातांत (२, ४, ८ किंवा १/२, १/४, १/८ असं) मोजतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. माझं मत विचाराल तर वजन किलोतच घ्या. १२४० आणि ८३५, दोन्ही पूर्णांक, इंट चालेल. भाव क्विंटलचा असतो, म्हणून शेवटी १०० नं भागा. भागाकारानंतर उत्तरामागं ‘.०’ दिसेल, ती चूक नाही.

मूळ प्रश्न, पुढे
केलं! २०७५ किलो, ४२०० भावानं ८७१५० रुपये. अण्णांच्या वहीतही हाच आकडा निघाला. एकदा चुकून मराठी कीबोर्डनं १२४० टाकलं, तरी चाललं. पण प्रोग्राममध्येच मराठी आकडा लिहिला तर सिंटॅक्सएरर (लिहिण्याच्या नियमाची चूक) आली.

आता हमाली, तोलाई वजा करायचीय. आणि पुढच्या वर्षी चार-पाच खेपा झाल्या तर तेवढ्या ओळी लिहायच्या का?

प्रतिसाद २
इंट मराठी आकडे ओळखतं, प्रोग्रामच्या मजकुरात मात्र आकडे इंग्रजीच लागतात. खेपांसाठी एकूण = ० धरा, मग फॉर आणि रेंज (त्याच ओळी ठरावीक वेळा पुन्हा चालवणारे आदेश) वापरून प्रत्येक वजन त्यात मिळवत जा. फॉरच्या ओळीशेवटी अपूर्णविराम द्या आणि तिच्या आतल्या ओळी चार जागा सोडून सुरू करा. एक जागा कमीजास्त झाली तरी एरर येते, मोबाइलवर तर हटकून. हमाली कट्ट्यामागं (पोत्यामागं) असते, तेव्हा दर खेपेला कट्टेही विचारून घ्या. झालं की प्रोग्राम इथं टाका, सोबत बघू.